बीळ आणि पिंजरा : पाळीव जर्बिलांची भांडणे

जबलपूर शहर मागे टाकून नर्मदेच्या काठाने तिलवाराघाट किंवा भेडाघाट यांच्या दिशेने निघाले, म्हणजे गहू आणि हरभरा यांची शेते लागतात. अशा शेतांच्या बांधांवर आणि पडीक गवताळ जागांत दिवसा लहान लहान बिळांची तोंडे तेवढी दिसतात. बिळाचा धनी दृष्टीस पडत नाही. अंधार पडल्यावर मात्र पिवळसर तपकिरी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, टपोऱ्या काळ्या डोळ्यांचा आणि शरीराहून लांब शेपटीचा एक प्राणी बाहेर येतो. मागच्या पायांवर बसून तो चोहोकडे पाहतो आणि जरा चाहूल लागताच लांब उडी घेऊन दिसेनासा होतो. हा भारतीय जर्बिल होय. प्राणिशास्त्रात त्याला ‘टाटेरा इंडिका’ असे नाव आहे. हार्डविक या सेनाधिकाऱ्याने १८०७ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. जर्डन यांनी १८६७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात त्याचे हिंदुस्थानी नाव ‘हरना मूस’, म्हणजे हरणासारखा उंदीर, असे नोंदले आहे. त्याची उडी ज्याने पाहिली असेल त्याला या नावाचे मर्म सांगावयास नको.

याच कुळातील एक लहानखुरा भाऊबंद जगातील अनेक देशांत, आणि भारतातील शहरांतही काही हौशी लोकांच्या घरी, काचेच्या पेटीत नांदतो. तो म्हणजे मंगोलियन जर्बिल. हा प्राणी दिसावयास गोजिरवाणा, स्वभावाने जिज्ञासू आणि माणसाशी लवकर परिचय करणारा आहे. म्हणून मुलांना तो फार आवडतो. परंतु त्याला पाळणाऱ्यांना कधी ना कधी एका दुःखद कोड्यास तोंड द्यावे लागते. वर्षभर एकाच घरट्यात अंगाला अंग लावून झोपणारी दोन भावंडे एके दिवशी एकमेकांवर तुटून पडतात, आणि सकाळी पाहावे तर त्यांपैकी एक रक्ताने माखून कोपऱ्यात पडलेले असते. कित्येकदा ते मेलेलेही असते. घरातील मंडळी म्हणतात, “काल तर दोघे एका ताटात जेवत होते!” काही जण अशा वेळी “चार दिवसांत आपोआप मिटेल” असे म्हणून स्वस्थ बसतात, आणि त्या स्वस्थपणाची किंमत त्या मुक्या जिवाला मोजावी लागते.

हे भांडण का होते, ते कसे ओळखावे आणि त्यावर उपाय कोणता, याचे उत्तर त्या प्राण्याच्या स्वभावाला नावे ठेवून मिळत नाही. ते मिळते त्याच्या बिळाकडे पाहून.

पेटीतील पाहुणा कोठून आला?

पाळीव जर्बिलाचे मूळ घर म्हणजे मंगोलिया, उत्तर चीन आणि त्यांच्या लगतचा कोरडा गवताळ व निमवाळवंटी प्रदेश. १८६६ साली आर्मां दाव्हिद या फ्रेंच धर्मोपदेशकाने उत्तर चीनमधून या प्राण्याचे नमुने पॅरिसच्या संग्रहालयाकडे धाडले आणि मिल्न-एडवर्ड्स या प्राणिशास्त्रज्ञाने १८६७ साली त्याचे वर्णन केले. आज त्याला ‘मेरिओनेस उंग्विक्युलाटस’ म्हणतात. यांपैकी मेरिओनेस हे होमरच्या महाकाव्यातील एका ग्रीक योद्ध्याचे नाव आहे आणि दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘नखे असलेला’ असा आहे. गोंडस म्हणून घरी आणलेल्या प्राण्याच्या नावातच योद्धा दडलेला आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९३५ साली जपानी संशोधकांनी आमूर नदीच्या खोऱ्यात या प्राण्याच्या सुमारे २० जोड्या पकडल्या व जपानमधील प्रयोगशाळांत त्यांची पैदास केली. तेथून १९५४ साली ११ जोड्या अमेरिकेत गेल्या. आणि १९६४ साली अमेरिकेतून काही जोड्या ब्रिटनमध्ये पोहोचल्या. आरंभी प्रयोगशाळेसाठी आणलेला हा प्राणी पुढे घरांतून पाळला जाऊ लागला. वैद्यकीय संशोधनातील त्याचे स्थान आजही कायम आहे. हत्तीरोगाच्या कृमींची एक जात त्याच्या शरीरात वाढू शकते. त्यामुळे त्या रोगावरील संशोधनात त्याचा उपयोग होतो, आणि वर्ध्याजवळील सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयातही अशा कामासाठी तो पाळण्यात आला आहे.

पूर्ण वाढलेल्या मंगोलियन जर्बिलाचे वजन साधारणपणे ५० ते १०० ग्रॅम असते. मादी सुमारे २५ दिवसांनी विते आणि एका वेतात बहुधा चार ते सहा पिल्ले होतात. पिल्ले तीन-चार आठवड्यांत आईचे दूध सोडतात व सुमारे तीन महिन्यांत वयात येतात. हा प्राणी तीन ते चार वर्षे जगतो. पिढ्यान्‌पिढ्या पेटीत जन्मल्यामुळे त्याची माणसाविषयीची भीती कमी झाली आहे. पण पेटीत जन्मला म्हणून त्याच्यातील बिळाचा कायदा पुसला गेलेला नाही.

बिळाचा कायदा

हा कायदा समजण्यासाठी पुन्हा आपल्या शेताकडे वळणे उपयुक्त ठरेल. १८३९ साली वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने दक्षिण मराठा प्रदेशातील, म्हणजे धारवाड आणि त्याच्या आसपासच्या मुलखातील, सस्तन प्राण्यांची एक सूची प्रसिद्ध केली. तीत भारतीय जर्बिलाच्या बिळाचे जे वर्णन आहे ते आजही वाचनीय वाटते. बिळास पुष्कळ तोंडे असतात. त्यांतून आत जाणारी वाट प्रथम दोन-तीन फूट उतरती असते व पुढे आडवी होऊन तिला फाटे फुटतात. फाट्यांच्या टोकांशी वाळलेल्या गवताचे अंथरूण घातलेल्या खोल्या असतात. काही खोल्या एकमेकींस जोडलेल्या, तर काही सोडून दिलेल्या व त्यांची दारे मातीने बंद केलेली आढळतात. एका बिळात मधली खोली बरीच मोठी होती. जमीन खणण्यात निष्णात असलेल्या वडार मंडळींनी एलियट यांस सांगितले, की ती सर्वांची सामायिक खोली असून माद्या आपल्या पिल्लांसह लहान खोल्यांत राहतात. जबलपूरच्या दक्षिणेस शिवनी येथे दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या स्टर्नडेल यांनीही १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्राण्याची दखल घेतली आहे.

या वर्णनातील तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात : अनेक दारे, अनेक खोल्या आणि बंद करता येण्याजोगी वाट. ज्याला नको त्याने निघून जावे आणि ज्याला एकांत हवा त्याने दार लावून घ्यावे, अशी ही रचना आहे. मंगोलियन जर्बिलाचे बीळही याच धर्तीचे असते. त्यात घरटे, धान्याची कोठारे आणि पळून जाण्यास अनेक तोंडे असतात.

आंतर मंगोलियात ओग्रेन आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी या प्राण्याचे प्रत्यक्ष त्याच्या मुलखात निरीक्षण केले व ते १९८९ साली प्रसिद्ध केले. हा प्राणी कुटुंब करून राहतो. प्रौढ नर-मादी आणि त्यांच्या पिल्लांच्या एकापाठोपाठच्या पिढ्या मिळून हे कुटुंब बनते. प्रत्येक कुटुंबाचा स्वतःचा मुलूख असतो आणि परका शिरला तर त्यास हुसकून लावण्यात येते. येथेच या विषयाचे सार आहे. मोकळ्या माळावरील पाठलाग हद्दीपाशी संपतो. हरलेला पळतो, जिंकलेला परततो आणि दोघांचेही प्राण वाचतात. पेटीत हरलेल्याला पळावयास जागा नसते. जिंकणाऱ्याच्या दृष्टीने परका अजून आपल्या हद्दीतच असतो. म्हणून त्याचा हल्ला थांबत नाही. माळावर जे भांडण दोन क्षणांत मिटले असते, ते चार भिंतींच्या आत मृत्यूपर्यंत जाते. हा क्रूरपणा प्राण्याचा नव्हे, पेटीचा आहे.

ओळख डोळ्यांची नव्हे, नाकाची

आता प्रश्न असा, की कालचा भाऊ आज परका कसा होतो?

जर्बिल आप्ताला ओळखतो तो वासावरून. त्याच्या पोटाच्या मध्यभागी एक लांबट, केसविरहित, पिवळसर चट्टा असतो. ही गंधग्रंथी होय. नरात ती अधिक ठळक असते. चालता चालता पोट जमिनीला टेकवून जर्बिल ही ग्रंथी दगडांवर, घरट्यावर, किंबहुना आपल्या आप्तांवरही घासतो आणि आपली निशाणी ठेवतो. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात थीसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात या ग्रंथीचा सखोल अभ्यास केला. नराचे वृषण काढून टाकले असता ग्रंथी आक्रसते व निशाणी ठेवण्याचे प्रमाण घटते. वृषणरस टोचला असता दोन्ही पूर्ववत होतात, असे त्यांनी दाखवून दिले. भारतातही जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत ईश्वर प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील जर्बिलांच्या गंधग्रंथींवर व सामाजिक वर्तनावर महत्त्वाचे काम केले.

याशिवाय डोळ्यांच्या मागे असलेल्या ग्रंथींचा स्राव नाकावाटे बाहेर येतो. जर्बिल अंग चाटून साफ करतो तेव्हा तो स्राव लाळेबरोबर केसांवर पसरतो. एकमेकांना चाटणारे, एकाच अंथरुणात झोपणारे आणि एकाच वाळूत लोळणारे जर्बिल अशा रीतीने एका समाईक वासाने माखले जातात. त्याला कुळाचा गंध म्हणता येईल. हा गंध अंगावर असेतो तो आप्त. तो गेला म्हणजे तो परका. एखाद्याला आजारपणामुळे दोन-तीन दिवस निराळे ठेवले, त्याला पाण्याने धुतले, किंवा पेटी साबणाने घासून सर्व अंथरूण एकदम बदलले, तर कुळाचा गंध विरतो. माणसाने स्वच्छतेच्या सद्हेतूने केलेली ही कृती जर्बिलांच्या दृष्टीने घराच्या पाट्या पुसून टाकण्यासारखी असते.

जबलपूरसारख्या ठिकाणी ही चूक पावसाळ्यात विशेष संभवते. कोरड्या मुलखातील या प्राण्याला दमटपणा मानवत नाही. हवेतील आर्द्रता वाढली की त्याचे केस चिकट व विस्कटलेले दिसू लागतात. आषाढ-श्रावणात अंथरूण लवकर ओलसर होते, त्याला वास येऊ लागतो आणि घरातील लोक पेटी वरचेवर रिकामी करून धुऊ लागतात. त्याऐवजी ओला भाग तेवढा काढावा, आणि संपूर्ण सफाई करणे भागच पडले तर जुन्या कोरड्या अंथरुणाचा तिसरा हिस्सा आणि जुने घरटे नव्यात मिसळावे. वैशाखातील दाहही त्रासदायकच. त्या दिवसांत पेटी उन्हाच्या खिडकीपासून दूर, घरातील सर्वांत थंड खोलीत असावी.

भांडणाची कारणे

गंध पुसला जाणे हे एक कारण झाले. दुसरे कारण म्हणजे अनोळखी प्रौढांना एकदम एकत्र सोडणे. एक जर्बिल मेला म्हणून दुसऱ्यास सोबत हवी, या दयाबुद्धीने बाजारातून नवा आणून त्याच पेटीत सोडला जातो, आणि काही मिनिटांतच त्याच्यावर हल्ला होतो. सुमारे आठ आठवड्यांच्या आतील पिल्ले परस्परांना सहज स्वीकारतात. वयात आल्यावर मात्र ही सहजता संपते.

तिसरे कारण कुटुंबाच्या घडणीत आहे. कुटुंबात बहुधा एकच मादी वीण करते आणि तिच्या सान्निध्यात मुलींची वाढ काहीशी दबलेली राहते. पण मुली मोठ्या झाल्या, आई वृद्ध झाली किंवा नर मेला, म्हणजे हे पद कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. मोकळ्या जागी एखादीने घर सोडले असते. पेटीत तसे करता येत नाही. म्हणून तीन किंवा अधिक माद्यांचा समूह सर्वांत अस्थिर असतो, असा पाळणाऱ्यांचा सर्वत्र अनुभव आहे. दोन सख्खे भाऊ किंवा दोन सख्ख्या बहिणी अशी जोडी त्या मानाने पुष्कळ सुखाने नांदते. नर-मादीची जोडी भांडणे कमी करते, परंतु मादी वितेक्षणीच पुन्हा गाभण राहू शकते. थोड्याच महिन्यांत पेटी पिल्लांनी भरते आणि त्या गर्दीतून नवी भांडणे उद्भवतात. विकत घेताना नर-मादी नीट पारखून न घेतल्याने कित्येक घरांत हा प्रसंग नकळत ओढवतो.

चौथे कारण जागेचे. येथे दोन्ही टोके टाळावयाची असतात. जागा अपुरी असेल तर एकांत मिळत नाही. उलट एकमेकांपासून दूर अशा दोन खोल्या, दोन घरटी आणि अनेक मजले असलेला ऐसपैस पिंजरा दिला, तर एकाच घरात दोन मुलूख तयार होतात. जोडीसाठी सुमारे ६० सेंटिमीटर लांब व ३० सेंटिमीटर रुंद तळ असलेली, २० सेंटिमीटरांहून अधिक खोल अंथरुणाची पेटी पुरेशी होते. अंथरूण धूळविरहित भुसा, कागदाचे कपटे व वाळलेले गवत यांचे असावे, म्हणजे त्यात बोगदे टिकतात. घरटे एकच, पण त्यास दोन दारे असावीत.

खेळ कोणता आणि युद्ध कोणते?

जर्बिल दिवसातून अनेकदा झोंबाझोंबी करतात. पिल्ले तर सारखी मागच्या पायांवर उभी राहून पुढच्या पायांनी एकमेकांस ढकलतात, उड्या मारतात, एकमेकांच्या मागे पळतात आणि थोड्या वेळाने एकत्र झोपी जातात. हा खेळ होय. त्यात मध्ये पडू नये.

युद्धाची पूर्वचिन्हे निराळी असतात. एक सतत पाठलाग करतो व दुसरा सतत पळतो. भूमिका पालटत नाहीत. पळणारा पेटीच्या वरच्या कोपऱ्यात किंवा पाण्याच्या बाटलीखाली बसून राहतो, त्याला अन्नापाशी येऊ दिले जात नाही. पाठलाग करणारा जागोजाग पोट घासत फिरतो. दोघे परस्परांच्या कुशीला डोके लावून ढकलाढकली करतात. शेपटीच्या मुळाशी अगर कुल्ल्यांवर लहान जखमा दिसतात. नाकाभोवती लालसर पदार्थ साचलेला दिसला तर तो रक्तच असेल असे नाही. ताण पडला असता डोळ्यांमागील ग्रंथींचा स्रावही तसाच दिसतो. आणि सर्वांत बोलके चिन्ह म्हणजे झोप. एकत्र झोपणारी जोडी निरनिराळ्या कोपऱ्यांत झोपू लागली, तर त्या घरात फूट पडली असे समजावे. याच टप्प्यावर लक्ष घातले तर बहुधा रक्तपात टळतो.

प्रत्यक्ष युद्धात मात्र दोघे एकमेकांना घट्ट धरून चेंडूसारखे गडगडतात. आवाज फारसा होत नाही; म्हणूनच रात्री शेजारच्या खोलीत निजलेल्यांना त्याची वार्ताही लागत नाही.

युद्ध जुंपल्यास

अशा वेळी उघडा हात मध्ये घालू नये. लढणारा जर्बिल माणसाचे बोट आणि शत्रू यांत भेद करीत नाही आणि त्याचे दात हाडापर्यंत रुततात. जाड कातडी हातमोजा घालावा, किंवा पुठ्ठ्याचा जाड तुकडा दोघांच्या मध्ये सारावा, अथवा एकावर वाडगे पालथे घालावे. शेपटी धरून कधीही ओढू नये. शेपटीच्या टोकाकडील कातडी सहज सुटून येते व ती पुन्हा उगवत नाही.

दोघांना ताबडतोब निरनिराळ्या पेट्यांत ठेवावे. त्या रात्री “आता शांत झाले” असे वाटून त्यांना पुन्हा एकत्र सोडण्याचा मोह होतो, तो आवरावा. नंतर जखमा पाहाव्यात. अर्धा लिटर पाणी उकळून गार करावे, त्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवावे आणि त्या पाण्यात बुडविलेल्या स्वच्छ कापसाने जखम पुसावी. वरवरची ओरखड लवकर भरून येते. पण चावा खोल असेल, सूज येऊन पू धरत असेल, किंवा प्राणी खाणेपिणे सोडून गोळा होऊन बसला असेल, तर पशुवैद्याकडे नेणेच इष्ट. जबलपुरात १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे व २००९ पासून ते तेथीलच पशुवैद्यक विद्यापीठाचा भाग आहे. अन्यत्रही जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्य असतात. घरात उरलेली माणसांची किंवा गुराढोरांची औषधे मात्र आपल्या मनाने देऊ नयेत. स्ट्रेप्टोमायसिनसारखे औषध जर्बिलाच्या जिवावर बेतू शकते.

पुन्हा ओळख करून देणे

दुरावलेल्या जोडीस, किंवा एकाकी प्रौढास नवा सोबती देण्यासाठी, एकच खात्रीलायक पद्धत आहे. तीत वासाला वेळ दिला जातो. पेटीच्या मधोमध बारीक तारेची जाळी पक्की बसवावी. जाळीचे छिद्र एवढे लहान असावे, की त्यातून नाकाचा शेंडा तर पोहोचेल पण दात पोहोचणार नाहीत. आणि जाळी खाली तळापर्यंत व वर झाकणापर्यंत भिडलेली असावी, कारण जर्बिल खालून खणतो आणि वरून उडी मारतो. एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस दुसरा ठेवून दोघांना सारखे अन्न, पाणी व अंथरूण द्यावे.

यानंतर दिवसातून दोन-तीन वेळा दोघांच्या जागा बदलाव्यात. प्रत्येक वेळी एक दुसऱ्याच्या घरट्यात झोपतो, त्याच्या वाळूत लोळतो आणि त्याचा वास अंगावर घेतो. आरंभी जाळीशी दात कटकटणे, पाय आपटणे व पोट घासणे चालते. हळूहळू हे कमी होते. निदान आठवडाभर हा क्रम चालवावा; घाई करू नये. दोघे जाळीच्या दोन बाजूंस एकमेकांच्या जवळ घरटे करून झोपू लागले, म्हणजे तह जवळ आला असे समजावे.

जाळी काढण्यासाठी सुटीचा दिवस निवडावा, कारण त्या दिवशी पहारा द्यावयाचा असतो. लहानशी, कोणाच्याच मालकीची नसलेली स्वच्छ पेटी घ्यावी. तीत दोन्ही बाजूंचे अंथरूण मिसळून पसरावे आणि बोगदे, घरटे, चक्र असे काहीच ठेवू नये. हातमोजा व पुठ्ठा जवळ असावा. एकमेकांस हुंगणे, चाटणे, जरासे ढकलणे या गोष्टी चालतील. अंग फुगवून, शेपटी ताठ करून एकमेकांभोवती फिरू लागले तर तत्काळ वेगळे करून पुन्हा जाळी घालावी. दोघे एकमेकांना चाटून एकत्र झोपी गेले, तरी पहिले एक-दोन दिवस लक्ष असू द्यावे व मोठ्या पेटीकडे टप्प्याटप्प्याने जावे.

ही पद्धत दोघांसाठी आहे. तीन किंवा अधिक प्रौढांचा समूह तिने जुळविण्याचा प्रयत्न करू नये. एक प्रौढ नर आणि एक-दोन महिन्यांचे नर पिल्लू यांची जोडी सर्वांत सहज जमते. दोन प्रौढ माद्यांची सर्वांत कठीण. आणि हा उपाय फक्त कुटुंबप्रिय प्राण्यापुरता आहे. बाजारात जर्बिलाच्या शेजारीच मिळणारा सोनेरी हॅम्स्टर मूळचा एकलकोंडा असून, त्याला वयात आल्यावर सोबतीच नको असतो. जर्बिल आणि हॅम्स्टर यांना एकत्र ठेवणे तर सर्वथा वर्ज्य होय.

शेतातील भारतीय जर्बिल पकडून पेटीत पाळण्याचा विचारही कोणी करू नये. तो आकाराने मोठा व रानटी असून बंदिवासात बुजतो. शिवाय भारतातील प्लेगविषयक संशोधनात रानातील प्लेगचा वाहक म्हणून त्याचे नाव ठळकपणे आलेले आहे. शाळेतील मुलांना त्याचा अभ्यास करावयाचा असेल तर बांधापासून दूर उभे राहून, संध्याकाळच्या उजेडात, पावलांच्या खुणा आणि बिळांची तोंडे पाहून तो करता येतो. जबलपुरात १९६० पासून भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे मध्य प्रादेशिक केंद्र असून या मुलखातील प्राण्यांचे नमुने तेथे अभ्यासिले जातात.

तह न झाल्यास

सर्व खबरदारी घेऊनही काही जोड्या पुन्हा जुळत नाहीत. दोन-तीन प्रयत्नांनंतर युद्धच होत असेल तर तो आग्रह सोडावा आणि दोघांना दोन पेट्यांत ठेवावे. एकटा जर्बिल जोडीइतका सुखी नसेल. पण खोल अंथरूण, खणण्यास जागा, कुरतडण्यास पुठ्ठा, लोळण्यास नदीची धुऊन सुकविलेली बारीक वाळू आणि रोज थोडा वेळ माणसाचा सहवास मिळाला तर तो नीट जगतो. भीतीने कोपऱ्यात बसून काढलेल्या दिवसांपेक्षा हे जिणे निश्चित बरे.

माळावर हरलेल्या जर्बिलाला वाट मिळते, कारण तेथे बिळाला अनेक तोंडे आहेत आणि हद्दीपलीकडे मोकळी जमीन आहे. पेटीत ही तोंडे माणसाने बुजविली आहेत. म्हणून पळून जाण्याची ती वाट पुरविण्याचे कामही माणसाकडेच येते; कधी जाळी बसवून, कधी जुने अंथरूण राखून, तर कधी दुसरी पेटी आणून. दोन पेट्या ठेवण्याइतकी जागा आणि तयारी ज्या घरात किंवा शाळेत नाही, त्यांनी जर्बिलांची जोडी आणण्यापूर्वीच त्याचा विचार करावा, हे उत्तम.